काबुकी नटाचं छापचित्र: नट कोण, साल कोणतं, अस्सल की नक्कल?

प्रश्न थोडक्यात असा आहे. जुन्या वस्तूंच्या दुकानात एक जपानी छापचित्र मिळालं. उभा कागद, साधारण 36 बाय 25 सेंटिमीटर. चित्रात एक बाई, कपाळावर जांभळ्या कापडाचा तुकडा, बाहीवर तीन उघड्या पंख्यांचं गोल चिन्ह. खाली लाल चौकटीत उभी अक्षरं आणि बाजूला एक छोटा गोल शिक्का. दुकानदार म्हणतो, 'तोयोकुनी, सन 1800 च्या सुमाराचं.' नट कोण, नाटक कोणतं, चित्र किती जुनं आणि अस्सल आहे का, एवढं हवं आहे.

आधी उत्तर देतो, मग कारणं. पाठवलेल्या फोटोवरून बघता चित्र 1861 सालच्या दुसऱ्या महिन्यातलं आहे, 1800 चं नाही. चित्रकार पहिला तोयोकुनी नव्हे, तर पुढे गुरूचं तेच नाव घेतलेला त्याचा शिष्य कुनिसादा. चित्रातली 'बाई' पुरुष आहे, आणि बहुधा तो इवाइ घराण्यातला तिसरा कुमेसाबुरो. अस्सल की नक्कल हे मात्र फोटोवरून सांगता येत नाही. त्यासाठी कागद हातात घ्यावा लागतो आणि काय बघायचं ते पुढे सविस्तर लिहिलं आहे.

नटांची चित्रं ओळखताना बहुतेकांची गाडी अडते, कारण ते सहीपासून सुरुवात करतात. काबुकीत, म्हणजे जपानच्या पारंपरिक रंगभूमीत, नाव वारशाने चालतं. दांजुरो हा एक माणूस नाही, ती एकामागून एक आलेल्या नटांनी घेतलेली पदवी आहे. चित्रकारांचंही तसंच: गुरूचं नाव शिष्य घेतो. त्यामुळे नुसत्या नावावरून काहीच ठरत नाही. नाव आणि साल जोडीने हातात आलं की माणूस सापडतो. म्हणून क्रम असा ठेवा: आधी तारखेचा शिक्का, मग घराण्याचं चिन्ह, मग चेहरा आणि भूमिका, आणि सही शेवटी.

एदोमध्ये, म्हणजे आजच्या तोक्योमध्ये, 1790 पासून छापण्याआधी चित्र तपासून घ्यावं लागे आणि मंजुरीचा शिक्का छपाईच्या लाकडी ठशातच कोरला जाई. या शिक्क्यांचा आकार वेळोवेळी बदलत गेला. सरकारने नियंत्रणासाठी केलेली ही सोय आज आपल्याला साल सांगते. 1790 ते 1842 पर्यंत 'किवामे' हा एकच अक्षराचा गोल शिक्का चालला. अर्ध्या शतकाचा हा पट्टा मोठा असल्याने तिथे शिक्का फारशी मदत करत नाही. 1843 पासून 1847 पर्यंत नानुशी म्हणजे वॉर्डाच्या मुखियाच्या नावाचा एक शिक्का असतो, 1847 ते 1852 पर्यंत असे दोन. 1852 च्या सुरुवातीला त्या दोघांच्या जोडीला तिसरा, तारखेचा शिक्का आला. 1853 च्या अखेरीस मुखियांची नावं गेली. त्याजागी 'आरातामे' म्हणजे 'तपासलं' हा शिक्का आणि शेजारी तारखेचा वेगळा शिक्का. 1858 मध्ये नुसती तारीख. 1859 ते 1871 पर्यंत आरातामे आणि तारीख एकाच गोल शिक्क्यात. 1872 ते 1875 पुन्हा नुसती तारीख. 1876 पासून समासात चित्रकार व प्रकाशकाचं नाव, पत्ता आणि मेइजी सालातली, म्हणजे त्या सम्राटाच्या कारकिर्दीपासून मोजलेली, तारीख छापली जाऊ लागली. मेइजी सालात 1867 मिळवलं की इसवी सन येतो. हा समास अल्बममध्ये चिकटवताना हमखास कापला जाई, म्हणून उत्तर काळातली कितीतरी चित्रं बिनतारखेची दिसतात.

तारखेच्या शिक्क्यात वर्षासाठी बारा प्राण्यांपैकी एकाचं अक्षर आणि महिन्याचा आकडा असतो. चक्र उंदरापासून सुरू होतं: उंदीर, बैल, वाघ, ससा, ड्रॅगन, साप, घोडा, मेंढी, माकड, कोंबडा, कुत्रा, रानडुक्कर. 1852 हे उंदराचं वर्ष, तिथून मोजा. चक्र दर बारा वर्षांनी परत येत असलं तरी शिक्क्याचा आकार बदलत असल्याने घोळ फारसा होत नाही. एकत्रित शिक्क्याच्या काळात दोनदा येणारा प्राणी एकच, मेंढी: 1859 आणि 1871. या दोन वर्षांत फरक करायला सहीची मदत होते, कारण कुनिसादा 1865 च्या सुरुवातीला वारला.

तुमच्या चित्रात एकच गोल शिक्का आहे, त्यात वर आरातामे, खाली कोंबडा आणि दोनचा आकडा. म्हणजे 1861, दुसरा महिना.

इथे दोन गोष्टी सांभाळा. हे चांद्र महिने आहेत. दुसरा महिना म्हणजे फेब्रुवारी नव्हे, आपल्या हिशेबाने तो मार्चच्या आसपास येतो. आणि बारावा महिना बहुतेक वेळा पुढच्या इसवी सनात जातो. जपानने ग्रेगोरियन दिनदर्शिका 1873 च्या 1 जानेवारीला घेतली. दुसरं, आपल्याकडच्यासारखा अधिक महिना तिथेही होता. महिन्याच्या आकड्याआधी एक जादा अक्षर दिसलं तर तो अधिक महिना: 1852 मध्ये दुसरा, 1854 मध्ये सातवा, 1857 मध्ये पाचवा, 1860 मध्ये तिसरा, 1862 मध्ये आठवा. असा शिक्का सापडला तर त्याच्यासारखं सुख नाही, कारण वर्षाबद्दल शंकाच उरत नाही.

शिक्का नाही म्हणजे नकली, असं मात्र समजू नका. ओसाकाच्या चित्रांवर मंजुरीचे शिक्के सहसा नसतात. ओसाकाचे चित्रकार जवळजवळ फक्त नटांचीच चित्रं करत, आणि 1840 च्या दशकानंतरची त्यांची बरीच कामं चुबान या लहान आकारात, साधारण 26 बाय 19 सेंटिमीटरची आहेत. तसंच नट वारल्यावर घाईने काढलेल्या 'शिनी-ए' म्हणजे मृत्युचित्रांवर सहसा ना शिक्का असतो, ना चित्रकाराची सही, पुष्कळदा प्रकाशकाचंही नाव नसतं. आठव्या दांजुरोने 1854 मध्ये ओसाकात वयाच्या बत्तिशीत आत्महत्या केली, तेव्हा अशा चित्रांचा पूर आला. फिक्या निळ्या रंगाचा औपचारिक पोशाख, मृत्यूची तारीख आणि मरणोत्तर बौद्ध नाव एवढं दिसलं की ते मृत्युचित्र.

आता जांभळं कापड. 1629 मध्ये स्त्रियांना काबुकीच्या रंगमंचावर बंदी झाली, 1652 मध्ये तरुण मुलांच्या काबुकीवरही. पुढे नटांना कपाळावरचे केस काढावे लागत. स्त्रीपार्टी नट तो तासलेला भाग जांभळ्या कापडाने झाकत आणि पुढे ते त्यांच्या वेषाचाच भाग झालं. चित्रात बाईच्या कपाळावर असं कापड असेल तर ती ओन्नागाता, म्हणजे स्त्रीभूमिका करणारा पुरुष नट. कापडाऐवजी कधी कधी कपाळावर नुसती फिकट निळसर किंवा जांभळट छटा असते. तीही हीच खूण.

घराण्याचं चिन्ह बाहीवर, छातीवर, पंख्यावर, कंदिलावर, कधी तर कपड्याच्या नक्षीत लपवलेलं असतं. नेहमी लागणारी चिन्हं पाठ झाली तर निम्मं काम होतं. एकात एक तीन चौकोन म्हणजे धान्य मोजायची मापं वरून पाहिल्यासारखी: इचिकावा दांजुरो. एकमेकांवर ठेवलेले पंखे आणि त्यांवर ओकची पानं: ओनोए किकुगोरो. चार पाकळ्यांची चार शंकरपाळी फुलं: मात्सुमोतो कोशिरो. गाठ मारलेलं रेशमी तंतूंचं पुडकं: सेगावा किकुनोजो. 'मोठा' या अर्थाचं अक्षर तीनदा: बांदो मित्सुगोरो. वर्तुळात 'इ' हे अक्षर: सावामुरा सोजुरो. गोलात दोन आडव्या पट्ट्या: काताओका निझाएमोन. तीन उघडे पंखे: इवाइ हानशिरो. हे शेवटचं तुमच्या चित्रात आहे.

पण चिन्ह घराणं सांगतं, माणूस सांगत नाही. माणसासाठी साल परत काढा. सातवा हानशिरो 1845 मध्ये गेला आणि आठव्याने ते नाव 1872 मध्ये घेतलं. म्हणजे 1861 मध्ये हानशिरो नावाचा कुणी नट रंगमंचावर नव्हताच. हा पुढे आठवा झालेला नट त्या काळी तिसरा कुमेसाबुरो म्हणून स्त्रीभूमिका करत होता, म्हणून माझा कल त्याच्याकडे आहे. दांजुरोच्या बाबतीत हीच फट 1854 ते 1874 अशी आहे. 1860 च्या चित्रावर तीन मापांचं चिन्ह दिसलं आणि विक्रेत्याने 'दांजुरो' सांगितलं तर दोनच शक्यता: एक तर ते दिवंगत दांजुरोचं आठवणीतलं चित्र आहे, किंवा त्या घराण्यातल्या दुसऱ्या नटाचं. पुढे नववा दांजुरो झालेला नट त्या वेळी कावाराझाकी गोंजुरो या नावाने काम करत होता.

चेहऱ्याकडे मी बराच वेळ देतो, कारण जपानी नटचित्रांची खरी कमाई तिथे आहे. सुरुवातीच्या तोरिइ शाखेच्या चित्रांत, म्हणजे पहिला कियोनोबु आणि त्याच्या मंडळींत, जोर चेहऱ्यावर नव्हता. भोपळ्यासारख्या फुगीर पोटऱ्या आणि गांडुळासारखी जाड-बारीक होत जाणारी रेघ यांतून नटाचा आवेश दिसे, पण सगळ्यांचे चेहरे एकसारखे. बदल झाला कात्सुकावा शुन्शो आणि इप्पित्सुसाइ बुन्चो यांच्यामुळे. 1770 मध्ये दोघांनी मिळून पंख्याच्या आकारात नटांच्या चेहऱ्यांचं पुस्तक काढलं आणि तिथून प्रत्येक नट नाकाडोळ्यांवरून ओळखता येऊ लागला. पाचवा कोशिरो घ्या: लांब, बाकदार नाक, जवळजवळचे बारीक डोळे आणि डाव्या भुवईवर तीळ. आजही निक्की दांजो ही खलभूमिका करणारे नट त्याच्या आदरापोटी तो तीळ काढतात. पाचवा हानशिरो टपोऱ्या डोळ्यांसाठी आणि भरलेल्या खालच्या ओठासाठी प्रसिद्ध. त्याचे डोळे हजार र्‍यो (सोन्याची नाणी) मोलाचे, असं लोक म्हणत. आठवा दांजुरो लांबट, निमुळत्या चेहऱ्याचा. एकाच नटाची चार-पाच खात्रीची चित्रं समोर ठेवून नाकाची रेघ, भुवईचा उतार आणि तोंडाचे कोपरे या तीनच गोष्टी जुळवा. केशरचना आणि रंगभूषा भूमिकेबरोबर बदलतात, त्यांवर जाऊ नका.

रंगभूषा उपयोगी पडते ती भूमिका ओळखायला. लाल पट्टे शूर, न्यायी माणसाचे. निळे दुष्टाचे किंवा भुताचे. तपकिरी राक्षसाचे वा अमानवी प्राण्याचे. विटकरी-केशरी रंगाचा अवाढव्य पोशाख, बाह्यांवर तीन मापांचं प्रचंड चिन्ह, डोक्यात पांढऱ्या कागदाचे पंख आणि चेहऱ्यावर लाल पट्टे असतील तर तो 'शिबाराकु'चा नायक. हा प्रवेश वर्षाच्या अकराव्या महिन्यातल्या नटमंडळ-परिचयाच्या प्रयोगात ठरलेला असे. जांभळी पट्टी डोक्याला बांधलेला आणि छत्री घेतलेला देखणा जवान म्हणजे सुकेरोकु.

भूमिकेचं नाव बहुतेक वेळा चित्रावर लिहिलेलं असतं. नटाचं नाव असतं की नाही हे सालावर ठरतं. 1842 च्या सुधारणांनी नटांची आणि गणिकांची चित्रं छापायलाच मनाई केली. एका चित्राला सात-आठ ठशांपेक्षा जास्त नकोत आणि किंमत 16 मोनपेक्षा (मोन हे त्या काळचं हलकं नाणं) जास्त नको, असेही नियम झाले. त्याच वर्षी सातव्या दांजुरोला उधळपट्टीच्या आरोपावरून एदोतून हद्दपार केलं गेलं. काही वर्षांनी नटचित्रं हळूहळू परत आली, पण नटाचं नाव गाळून, नुसत्या भूमिकेच्या नावाने. प्रेक्षकांना चेहरा ओळखता येत होताच. म्हणून 1850 च्या दशकातल्या चित्रावर नटाचं नाव नसणं हा दोष नाही. उलट त्या काळच्या चित्रावर ठळक नाव असेल तर जरा थांबून बघा.

नाटक शोधायला साल, महिना, भूमिका आणि नट या चार गोष्टी घेऊन वासेदा विद्यापीठाच्या नाट्यसंग्रहालयाच्या ऑनलाइन संग्रहात जा. तिथे नटचित्रं हजारोंनी आहेत आणि भूमिका, नट, तारीख, नाट्यगृह यांवरून शोध घेता येतो. रित्सुमेइकान विद्यापीठाच्या कला संशोधन केंद्राचं संकेतस्थळही तितकंच कामाचं. जपानी वाचता येत नसेल तर आधी उकियो-ए डॉट ऑर्ग या जपानी छापचित्रं शोधायच्या संकेतस्थळावर फोटो चढवा. तीच किंवा तिच्यासारखी प्रत सापडली की तिथली जपानी अक्षरं उचलून पुढचा शोध करता येतो. फोटो सरळ, सावली न पाडता आणि चारही कडा दिसतील असा काढा. तिरका फोटो जुळत नाही.

एवढं करून प्रयोग सापडला नाही, तर चित्र 'मिताते' असू शकतं, म्हणजे कल्पनेतली पात्रयोजना. अमुक नट अमुक भूमिकेत कसा दिसेल, हे प्रत्यक्ष प्रयोग न होता रंगवलेलं. कुनिसादाची 1852 ची, एदो ते क्योतो जाणाऱ्या तोकाइदो रस्त्याच्या मुक्कामांवरची नटमालिका अशीच आहे: प्रत्येक ठिकाणाला शोभेलशी भूमिका आणि तिला शोभेलसा नट. आणखी एक अडचण अशी की चित्रं पुष्कळदा प्रयोगाआधीच तयार होत. ऐन वेळी पात्रं बदलली तर चित्र आणि प्रयोगाची नोंद जुळत नाही.

शिक्क्याने साल कळत नाही तिथे याच्या उलट दिशेने जावं लागतं: नाटकावरून साल. नटचित्रकार शाराकुचं सगळं काम असंच लावलं गेलं आहे. त्याच्या चित्रांवर सहीखेरीज किवामे आणि प्रकाशक त्सुताया जुझाबुरोची आयव्हीच्या पानाची खूण एवढंच असतं. पण तिसरा ओतानी ओनिजी हा एदोबेइ या नोकराच्या भूमिकेत 1794 च्या पाचव्या महिन्यात कावाराझाकी-झा नाट्यगृहात होता याची नोंद आहे, त्यामुळे ते चित्र नेमकं त्या महिन्याचं ठरतं. हे चित्र जवळून बघण्यासारखं आहे. पार्श्वभूमी गडद अभ्रकाची, डोकं पुढे काढलेलं, तोंडाचे कोपरे खाली ओढलेले, आणि कपड्याच्या फटीतून बाहेर आलेले दोन हात चेहऱ्याच्या मानाने फारच लहान, बोटं ताणून फाकलेली. शरीरशास्त्र चुकलं आहे, पण झडप घालायच्या आधीचा क्षण त्या चुकीमुळेच पकडला गेला आहे. त्या पहिल्या खेपेत अशी 28 मोठ्या चेहऱ्यांची चित्रं होती, आणि साधारण दहा महिन्यांत शाराकुचं काम संपलं.

आता सही. 'तोयोकुनी' नावाचे तीन प्रमुख चित्रकार: पहिला 1769 ते 1825, दुसरा त्याचा शिष्य, आणि तिसरा कुनिसादा, 1786 चा जन्म. कुनिसादाने 1844 मध्ये गुरूचं नाव घेतलं आणि स्वतःला दुसरा म्हणवलं. आज आपण त्याला तिसरा मोजतो. त्याआधीच्या त्याच्या सह्या 'गोतोतेइ कुनिसादा', 'कोचोरो कुनिसादा' अशा आहेत. तोयोकुनी झाल्यावर सही लांबट चौकटीत येते; चौकट लाल, कधी आत पिवळी, वरच्या कोपऱ्यात एक वळण घेतलेली. तुमच्या चित्रात नेमकी तीच आहे, म्हणून शिक्का न वाचताही ते 1844 नंतरचं ठरतं आणि दुकानदाराचं 1800 तिथेच बाद होतं. शेवटच्या वर्षांत तो सहीत वयही लिहितो: 77 म्हणजे 1862, 78 म्हणजे 1863, 79 म्हणजे 1864, जपानी पद्धतीने जन्मवर्षाला एक धरून. चौकटीशेजारी दुसरी एक छोटी चौकट असेल तर तीत पुष्कळदा ठसा कोरणाऱ्याचं नाव असतं. कोरणाऱ्याचं नाव असलेलं चित्र सहसा मन लावून केलेलं असतं.

अस्सल की नक्कल? दहापट भिंग, खिडकीचा तिरपा उजेड आणि अतिनील टॉर्च एवढं साहित्य पुरे. पाणी, थुंकी, खोडरबर यांनी काहीही तपासू नका. हे रंग पाण्यातले आहेत, एक थेंब कायमचा डाग पाडतो.

पहिली पायरी, भिंगाखाली सपाट रंगाचा भाग. नियमित ठिपक्यांची जाळी दिसली तर ती यंत्रावरची छपाई, विषय संपला. जाळी नसेल तर कागद पालटा. हाताने छापताना ओलसर कागद ठशावर ठेवून मागून बारेन नावाच्या चपट्या गादीने घासतात. त्यामुळे रंग तंतूंत शिरतो, मागच्या बाजूला चित्र उलटं आणि फिकं दिसतं, आणि गडद भागात बारेनच्या गोल फिरत्या खुणा दिसतात. तिरप्या उजेडात काळ्या रेघा कागदात किंचित दबलेल्या जाणवतात. मागची बाजू कोरी पांढरी असेल तर दोन शक्यता: चित्र नंतर दुसऱ्या कागदावर चिकटवलं आहे, किंवा ते ठशावरचं नाही. उजेडासमोर धरून दोन थर आहेत का बघा.

यावर थांबता येत नाही, कारण विसाव्या शतकात अस्सल पद्धतीने, चेरीच्या लाकडावर नव्याने कोरून, हाताने छापलेल्या उत्तम प्रतिकृती झाल्या. त्यांची मागची बाजूही चोख असते. त्यांना पकडायचं तर रेघांची तुलना करावी लागते. संग्रहालयाच्या खात्रीच्या प्रतीचा मोठा फोटो शेजारी घ्या आणि तीन जागा निवडा: कानशिलावरचे केस, सहीतल्या अक्षरांची टोकं, बोटांच्या पेरांवरच्या रेघा. एकाच ठशाच्या दोन प्रतींत रेघा जिथे एकमेकींना छेदतात ती जागा तंतोतंत तीच असते. प्रत उशिराची असेल तर रेघ तुटलेली दिसेल, पण जागा हलणार नाही. नव्याने कोरलेल्या ठशात जागा केसभर सरकते, वळण जरा गोलाई घेतं. कानशिलाच्या केसांवर सगळ्यात आधी चोरी उघडी पडते: मूळ कोरणारा प्रत्येक केस टोकाकडे बारीक करत कापतो, नक्कल करणारा तो जाडीला सारखा ठेवतो.

कागदाचा अंदाजही घ्या. जुना होशो कागद कोझो या झुडपाच्या सालीच्या लांब तंतूंचा, मऊ आणि जरा फुगीर. प्रतिकृतींत पुष्कळदा जुनेपणाचा पिवळट रंग पुढच्या बाजूने छापलेला असतो. कडा आणि पाठ बघितली की तो तिथेच संपलेला दिसतो. अंधारात अतिनील टॉर्च मारा: कागद निळसर पांढरा चमकला तर त्यात चमक आणणारी आधुनिक रसायनं आहेत, म्हणजे तो दुसऱ्या महायुद्धानंतरचा. न चमकल्याने मात्र काही सिद्ध होत नाही. किड्यांची भोकं असतील तर ती आरपार आहेत का बघा. प्रतिकृतीत कधी भोकाची सावलीही छापलेली असते.

रंग दोन्ही कामांना उपयोगी: काळ ठरवायला आणि प्रत कशी जपली गेली हे कळायला. करडईचा गुलाबी आणि दिवसफुलाचा निळा उजेडात उडतात. या दोघांच्या मिश्रणाचा जांभळा तर राखाडी-तपकिरी होतो. शिसं असलेला नारिंगी काळा पडतो. प्रशियन निळा 1830 च्या सुमारास एदोच्या छापचित्रांत सर्रास आला आणि तो टिकाऊ आहे. 1790 च्या म्हणवल्या जाणाऱ्या चित्रात गडद प्रशियन निळा दिसला तर ते चित्र मागून छापलेलं. रासायनिक जांभळा 1860 च्या दशकाच्या मध्यापासून आणि भडक रासायनिक लाल त्यानंतर, मेइजी काळात. मेइजी काळातला चित्रकार कुनिचिका याच्या नटचित्रांतला तो झगझगीत लाल हाच. तुमच्या 1861 च्या चित्रात कपाळावरचा जांभळा टवटवीत आहे असं फोटोत दिसतं. चित्र अल्बममध्ये बंद राहिलं असेल तर नैसर्गिक जांभळाही टिकतो. पण तो डोळ्यांत भरण्याइतका भडक असेल तर रेघांची तुलना आणखी काळजीने करा.

अस्सल ठरल्यावर प्रत पहिल्या खेपेची की उशिराची, हे बघा. पहिल्या प्रतींत रेघ धारदार, पार्श्वभूमीची छटा गडदकडून फिक्याकडे हळुवार उतरलेली. उशिराच्या छपाईत खर्च वाचवायला तीच छटा सपाट होते, एखादा ठसाच गाळला जातो, चौकटीची रेघ तुटते. या काळातल्या चांगल्या प्रतींत काळ्या पोशाखावर काळ्यातच नक्षी असते: कागदाच्या पुढच्या बाजूने घासून चमक आणलेली. समोरून ती दिसत नाही. कागद उजेडात तिरका केला की उमटते. फोटोत हे कधीच येत नाही, म्हणून काळा भाग असलेलं कुनिसादाचं चित्र हातात न घेता विकत घेऊ नये असं माझं ठाम मत आहे.

आकाराबद्दल: ओबान कागद साधारण 39 बाय 26 ते 27 सेंटिमीटरचा. तुमचा 36 बाय 25, म्हणजे चारही बाजूंनी कापलेला. अल्बममध्ये लावलेल्या चित्रांचं हे नेहमीचंच, किंमत कमी होते, पण अस्सलपणाला बाधा नाही. सही किंवा शिक्का कापला गेला असता तर नुकसान खरं होतं. डावी-उजवी कडही बघा: पार्श्वभूमीतला खांब, पडदा वा फांदी कडेवर अर्धी तुटत असेल तर हा तीन कागदांच्या चित्रातला एक कागद. प्रत्येक कागदावर स्वतंत्र सही असल्याने सुटा कागद पूर्ण चित्र म्हणून विकला जातो. बाकीचे दोन भाग वासेदाच्या संग्रहात सापडले तर प्रवेश आणि नाटक दोन्ही लगेच कळतात.

जपणुकीचं आपल्या हवेला धरून सांगतो. मुंबई, कोकण, गोव्याच्या पावसाळ्यात हवेतली आर्द्रता 80 टक्क्यांच्या वर जाते. अशा कागदाला 50 टक्क्यांच्या आसपास मानवते. भिंतीवर कायमचं लावू नका. लावायचंच तर अतिनील किरण अडवणारी काच, बाहेरच्या भिंतीवर नाही, उन्हाच्या समोर नाही, आणि काही महिन्यांनी उतरवून अंधारात ठेवायचं. संग्रहालयं अशा चित्रांवर 50 लक्सच्या आसपास उजेड ठेवतात. चित्र काचेला टेकू देऊ नका, मध्ये आम्लमुक्त पुठ्ठ्याची चौकट हवी. चिकटपट्टी, फेविकॉल, लॅमिनेशन यांतलं काहीही नको; वरच्या कडेला जपानी कागदाच्या दोन छोट्या बिजागऱ्या गव्हाच्या खळीने लावतात, तेवढं पुरतं. ठेवताना आम्लमुक्त कागदात, आडवं, खोक्यात. प्लास्टिकच्या पिशवीत बंद केलं तर ओल आत अडकते. खोक्यात सिलिका जेल ठेवा आणि ते पावसाळ्यात दर पंधरवड्याला बदला किंवा सुकवा. डांबरगोळ्या कागदाजवळ ठेवू नका. कसर खळीवर येते, म्हणून पाठीला जुनी खळ लागलेली असेल तर त्या कडा आधी तपासा. बुरशीचा ठिपका दिसला तर हाताने पुसायला जाऊ नका, ती पसरते. चित्र कोरड्या, हवेशीर खोलीत सावलीत ठेवा आणि कागदाचं संवर्धन करणाऱ्या माणसाला दाखवा.